बियाला राखलेला दुधी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एक राजा होता, पण त्याचं या गोष्टीत काही काम नाही. त्याला बसू द्या सिंहासनावर. आपल्याला कर्तव्य आहे ते त्याच्या चोपदाराशी.

चोपदार म्हणजे राजाच्या पुढे चांदीची काठी घेऊन चालणारा आणि महाराज आले की खणखणीत ललकारी देणारा माणूस. याचं नाव हैबतराव. अंगात मखमली अंगरखा, डोक्याला जरीची पगडी, मिशीला पीळ. आता काठी राजाची, अंगरखा राजाचा आणि पगडीसुद्धा राजाचीच. संध्याकाळी हे सगळं वाड्यावर जमा करून हैबतराव घरी निघे, तेव्हा अंगावर उरे ते बायकोनं ठिगळ लावलेलं धोतर. मिशी तेवढी स्वतःची.

वर्षातून एकदा, सुगी झाली की, राजाच्या कोठारातून त्याला धान्य मिळे. ते वर्षभर पुरवायचं. मध्येच संपलं तर कुणी विचारायला येत नसे.

पण त्याच्या घरात कधी कुणी उपाशी निजलं नाही, कारण घर गवराच्या हातात होतं. गवरा म्हणजे त्याची बायको. दळणाला दाणे काढले की त्यातले मूठभर ती परत एका मडक्यात टाकी, अडीअडचणीला असावेत म्हणून. आंघोळीचं पाणी पाटानं केळीच्या बुंध्याशी जाई, भांड्यांचं पाणी अळूला. चुलीतली राख वांग्याच्या रोपांना. दुधीची भाजी झाली की सालांची चटणी व्हायची, आणि चटणी अशी व्हायची की भाजी राहायची बाजूला! मागच्या अंगणातलं ते परसू हेच तिचं दुसरं कोठार होतं.

त्या परसात मांडवावर दुधीचा वेल असे. त्याचं बी गवराला तिच्या आईनं दिलेलं. आई गेली, माहेरचं परसू मोडलं, पण तो दुधी गवराच्या मांडवावर जगला. लोण्यासारखा मऊ आणि चवीला गोड. दरवर्षी वेलावरचं एक चांगलं फळ हेरून गवरा त्याच्या देठाला तांबडी चिंधी बांधी. चिंधी बांधली की त्याला कुणी हात लावायचा नाही. तो दुधी वेलावरच जून व्हायचा, वाळायचा, आतलं बी खुळखुळायला लागायचं. तेच पुढच्या वर्षी पेरायचं.

हैबतरावाला या सगळ्याची लाज वाटे. हो, लाज! दिवसभर वाड्यावर पंचपक्वान्नांची ताटं जाताना बघायची आणि घरी येऊन सालांची चटणी खायची, हे त्याला सोसवत नसे. गावातल्या बायका गवराकडे बी मागायला येत, तेही याला खपलं नाही.

"हे चोपदाराचं घर आहे, बियाण्याचं दुकान नाही," असं त्यानं एकदा दारातूनच सुनावलं. त्या बिचाऱ्या पुन्हा आल्या नाहीत.

यांना एकुलती एक लेक, केशर. तिचं लग्न पलीकडच्या गावात चांगल्या घरी झालं होतं. दसरा झाला आणि निरोप आला की व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच घरी येताहेत.

झालं! हैबतरावाची झोप उडाली.

"काय करणार आहेस जेवायला?" त्यानं गवराला विचारलं.

"ज्वारीची भाकरी, अळूचं फदफदं, पावट्याची उसळ, ताक. आणि चटणी."

"कसली चटणी?"

"सालांची. केशर सांगत असेल ना त्यांना."

"अगं, व्याह्यांच्या पानात सालं वाढणार तू? गोड काय आहे?"

"गूळ आहे थोडा. मडक्यातले तांदूळ आहेत. गूळभात करीन."

"गूळभात!" हैबतराव उठून येरझाऱ्या घालायला लागला. "वाड्यावर दुधीची खीर होते पाहुण्यांना."

"वेलावर आता दुधी कुठले? एकच आहे, तो बियाचा. आणि जुनं बी उंदरांनी खाल्लंय या वर्षी. जे आहे ते त्याच्याच पोटात आहे," गवरा म्हणाली आणि धुणं घेऊन नदीवर गेली.

ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तसा हैबतराव परसात गेला. दुधी अजून हिरवा होता. साल जराशी निबर झालेली, पण नखानं खरवडलं तर आत पांढरं निघत होतं. त्यानं चिंधी सोडली आणि देठ कापला. मग दुधी आत आणून ठेवला, परसाचं दार लावलं आणि धान्याची कणगी ढकलत ढकलत त्या दाराच्या आड उभी केली. पाहुण्यांना परसू दिसायलाच नको.

गवरा परतली. दुधी बघून ती मटकन खालीच बसली.

"अहो, हे काय केलंत? बी भरायचं होतं अजून त्यात!"

"बाजारात मिळतं बी. मला चार माणसांत मान खाली घालायला लावू नकोस," हैबतराव म्हणाला.

पाहुणे तर वेशीपाशी आले होते. गवरानं डोळे पुसले आणि विळी घेतली. आतलं बी तिनं हळूच काढून एका परातीत ठेवलं. मऊ होतं, पांढरंफटक, कागदासारखं पातळ.

पाहुणे आले. व्याही साधा, हसरा माणूस. विहीणबाईंनी पाय धुतले, पाणी घेतलं आणि त्या इकडेतिकडे बघायला लागल्या.

"परसू कुणीकडे आहे हो तुमचं?"

"परसू?" हैबतराव गडबडला. "तिकडे काय बघायचंय? गुरं असतात, गडी असतात. तुम्ही इथंच बसा, वाऱ्याला."

गुरं म्हणे! घरात एक मांजर होतं, तेही शेजाऱ्यांचं.

पानं मांडली. खीर वाढली. हैबतरावानं मिशीवरून हात फिरवला. विहीणबाईंनी खीर चाखली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगंबाई, हाच तो दुधी! केशर सांगते ते खरंच आहे." त्या गवराकडे वळल्या. "आमच्या मातीत काय आहे कोण जाणे, दुधी दरवर्षी कडवट होतो. तुमची लेक म्हणाली, आईकडचं बी लावून बघू. म्हणूनच आले हो मी. मूठभर बी द्याल ना?"

खिरीचा डाव हातात घेऊन गवरा जागच्या जागी थांबली. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

आता बघा, इथं खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? चारचौघांत थोडं हसू झालं असतं आणि तिथंच संपलं असतं. पण हैबतरावाच्या तोंडून निघालं, "एवढंच ना? टोपलीभर पडलंय! निवडून पाठवून देतो."

पाहुणे खुशीत गेले. परातीतलं बी गवरानं सावलीत वाळवलं. वाळता वाळता ते आक्रसलं, मुडपलं आणि बोटात धरलं की चुरा व्हायला लागलं. त्यात काही जीवच नव्हता.

"त्यांना खरं काय ते कळवा," गवरा म्हणाली.

"काय कळवू? तुम्हांला बीच खाऊ घातलं म्हणून?"

हैबतराव बाजारात गेला. एका टोपलीत दुधीचं बी होतं, दिसायला अगदी तसंच. त्यानं ते घेतलं, स्वच्छ फडक्यात बांधलं आणि त्या गावाला निघालेल्या एका वाण्याबरोबर पाठवून दिलं. वर निरोप दिला, 'केशरच्या आईनं स्वतःच्या हातानं निवडून दिलंय.'

गवराला हे कळलं तेव्हा ती भांडली नाही. नुसती म्हणाली, "माझ्या नावावर कशाला घातलंत?" त्या वर्षी तिनं मांडवावर काही चढवलं नाही. रिकाम्या मांडवाखालून जाताना हैबतराव दुसरीकडे बघायला लागला.

पाऊस झाला, श्रावण लागला. केशरकडून बोलावणं आलं. वेलाला पहिलं फळ धरलंय, तुम्ही दोघं या.

"तुम्हीच जा," गवरा म्हणाली. "मला नाही त्या मांडवाखाली उभं राहवणार."

हैबतराव एकटाच गेला. बघतो तर काय, लेकीनं दारातच मांडव घातलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा असा. त्यावर वेल नुसता पसरला होता, हातभर लांब दुधी लोंबत होते. केशर धावत आली.

"आबा, आईचा दुधी! तुम्ही आल्याशिवाय एकालाही हात लावू दिला नाही मी. आज पहिला तोडणार."

त्या आनंदाकडे हैबतरावाला बघवेना.

पंगत बसली. व्याही होते, केशरचे चुलतसासरे होते, शेजारची दोन वडीलधारी माणसं होती. केशरनं दुधीची भाजी स्वतः वाढली. पहिली वडिलांच्या पानात, मग सगळ्यांच्या. हैबतरावानं घास घेतला.

कडू! कडू म्हणजे किती? कारलं गोड म्हणावं इतका. जिभेवरून ते कडूपण घशात उतरलं. त्यानं डोळे वर केले. पंगतीत सगळ्यांचे हात थांबले होते. व्याह्यांनी मुकाट्यानं पाण्याचा तांब्या उचलला. चुलतसासऱ्यांनी घास पानाच्या कडेला काढून ठेवला आणि विचारलं, "सूनबाईच्या माहेरचं बी म्हणतात ते हेच का?"

केशरच्या तोंडचा रंगच उडाला. सासूबाईंनी पातेल्यातलं बोटावर घेऊन चाखलं आणि पदर तोंडाला लावला. तरी त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं. होतं असं कधी कधी."

"नाही हो, सासूबाई," केशरला रडू आवरेना. "बी खोटं नाही. माझ्या आईनं स्वतः निवडून दिलंय, ती वाईट देणारच नाही. माझंच चुकलं असेल. पाणी कमी पडलं असेल, नाहीतर खत. माझ्याच हाताला यश नाही."

 हैबतराव गप्प राहिला असता तर निभावलं असतं, हे त्याला कळत होतं. लेकीनं दोष आपल्यावर घेतला होता, विहिणीनं झाकला होता. त्यानं फक्त भाकरी मोडत राहायचं होतं. पण समोर आपली पोर भरल्या पंगतीत हात जोडून उभी होती, त्यानं केलेल्या गोष्टीबद्दल माफी मागत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ज्याची ललकारी चार वेशींपर्यंत ऐकू जायची, त्याचा आवाज आता जेमतेम पंगतीपुरता निघाला.

"पोरी," तो कसाबसा म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही. हे बी तुझ्या आईचं नाहीच. बाजारातलं आहे, मी आणलेलं. तुझ्या आईनं बियाला राखलेला दुधी मी गेल्या वर्षीच कापला. ह्यांच्या खिरीत घातला. सालांची चटणी वाढायची मला लाज वाटली म्हणून. आणि टोपलीभर पडलंय म्हणून ह्यांच्या तोंडावर खोटं बोललो."

 जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हैबतरावाला वाटत होतं. जमिनी काही अशा सांगून दुभंगत नाहीत.

शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, खिरीला कोण आलं होतं हो? आम्ही तुमचं परसू बघायला आलो होतो. या इकडे."

त्यांनी त्याला मागच्या दारी नेलं. आंघोळीचं पाणी पाटानं केळीला जात होतं. अळूचा वाफा भांड्यांच्या पाण्यावर पोसला होता. राखेचं मडकं होतं. सुपात दोडक्याच्या शिरा वाळत होत्या. कोनाड्यात मूठभर दाणे टाकायचं गाडगं होतं, त्यावर झाकण.

"केशर आली आणि वर्षाचं धान्य वर्षाला पुरायला लागलं," विहीणबाई म्हणाल्या. "आल्यागेल्याला आम्ही हे हौसेनं दाखवतो. सांगतो, आमच्या सुनेच्या आईनं शिकवलंय."

हैबतराव तिथं उभा राहिला. सगळं ओळखीचं होतं. जे त्यानं कणगीमागे दडवलं, ते इथं लोक अभिमानानं दाखवत होते. विहीणबाई एक शब्दही लावून बोलल्या नाहीत, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

घरी आल्यावर आधी त्यानं अजून अर्ध्या दाराआड उभी असलेली कणगी पार बाजूला ओढली आणि परसाचं दार सताड उघडलं.

"सांगितलंत?" गवरानं विचारलं.

"सांगितलं. सगळ्यांसमोर."

"बरं केलंत," ती म्हणाली. "पण बी गेलं ते गेलंच."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून हैबतराव गावात दारोदार फिरला. कुणाकडे गवराचं जुनं बी असेल का, म्हणून विचारत. प्रत्येक दारात बायका विचारत, "का हो, तुमच्याच घरी नाही?" आणि प्रत्येक दारात त्याला ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागे. बी कुणाकडेच निघालं नाही. गावाच्या टोकाला एक म्हातारी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी आले होते रे बाबा मागायला. दिलं असतंस तर आज माझ्या परसात असता तुझा दुधी. तूच तर दारातून परत पाठवलंस."

 मान खाली घालून हैबतराव घरी आला. पुढे त्या मांडवावर दुसरे वेल चढले, वालाचे, दोडक्याचे. पाहुणा आला की हैबतराव आधी त्याला परसात नेई आणि सालांची चटणी स्वतःच्या हातानं वाढी. पण गवराच्या आईचा तो गोड दुधी पुन्हा कुणाच्याच पानात आला नाही.

म्हणून सांगतो, जो आपल्या थोडक्याची लाज बाळगतो, त्याच्यावर एक दिवस खरोखरच लाज वाटायची पाळी येते.