परवान्याविना देवाचं नाव

एका राज्यात कुमुदिनी नावाच्या आईचा तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. चूक कायद्याची की आपली, एवढंच तिला ठरवता येईना. कायदा असा होता: राजमुद्रेचा परवाना असलेल्या पुजाऱ्यानेच देवाचं नाव घ्यावं, दुसऱ्या कुणी घेतलं, तर त्याच्या घरातल्या सर्वांत धाकट्याचा आवाज जाईल. परवाना नाकारणाऱ्या गुरवांचे दरबारी जादूगाराने पोपट करून टाकले होते आणि त्यांच्या देवळांना कुलपं ठोकली होती. आणि कुमुदिनीने काय करावं? चार वर्षांची लेक इरा पायरीवरून घसरली, तर हात पुढे करायचा सोडून ही ओरडली, "अरे देवा!" इरा उठली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

लेकीला कडेवर घेऊन ती दरबारात गेली.

"महाराज, तोंडातून निघून गेलं."

"कायदा सबबी ऐकत नाही," राजा म्हणाला. "तीन कामं कर. कुलूपबंद देवळातल्या घंटेचा नाद मडक्यात भरून आण. पोपट झालेला एक गुरव धरून आण. तिसरं मग सांगेन."

तिने देवळाच्या दाराला मडकं लावलं. नाद फटीतून आला नि आत बसला. अरण्यातला पोपट म्हणाला, "धरू नका ताई, मी खांद्यावर बसतो. मलाही राजाला दोन शब्द सुनावायचेत."

इराला कडेवर घेऊन ती दरबारात परतली. "आता तिसरं," राजा म्हणाला. "त्या उद्गाराची माफी माग."

कुमुदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माफी? लेकरू पडलं, आई कळवळली, त्याला परवाना? महाराज, ते पोटातून येतं. तिथे मुद्रा कशी उमटवणार?"

इतक्यात राजाचा नातू दरबाराच्या सज्जाच्या कठड्यावर चढला आणि त्याचा तोल गेला.

"अरे देवा!" राजा किंचाळला.

इराला खाली ठेवून कुमुदिनी धावली. तिने नातवाचा अंगरखा घट्ट पकडला.

पोपटाने मान वाकडी केली. "महाराज, परवाना दाखवा."

नातू रडत होता. तोंड उघडं, आवाज नाही. राजाने कायद्याची दगडी पाटी उचलली आणि स्वतःच्या हाताने फरशीवर आपटून फोडली. मडक्यातून घंटा घणघणली, देवळांची कुलपं गळाली, खांद्यावरचा पोपट उतरता उतरता गुरव झाला. जादूगाराची विद्या आटली. नातवाने भोकाड पसरलं.

कुमुदिनी इरापुढे गुडघ्यांवर बसली. "बोल ना गं, बाळा."

इरा रागाने लाल झाली होती.

"किती हाका मारल्या मी तुला! तू ऐकतच नव्हतीस!"