लाल दिव्याचा मान

गाण्याच्या खोल्यांत कंप्युटर शिरण्याआधीची गोष्ट. इस्लामपुरात कुमुदताई खोपकरांच्या मागच्या खोलीत एक मिक्सर होता, चटणीचा नव्हे, आवाजाचा. त्यावर चार सरकत्या खुंट्या होत्या: गळ्याची, पेटीची, ढोलकीची आणि टाळांची. खुंटी जितकी वर, तितका तो आवाज टेपवरच्या आपापल्या पट्टीवर मोठा उतरे.

एकदा ताईंच्या आत्याबाई हळदीची गाणी म्हणायला गावाहून आल्या. ढोलकीला आणि टाळांना शेजारणी होत्या. ताईंनी खुंट्या बेताने लावल्या आणि मिक्सरकडे पाठ करून त्या पेटी वाजवायला बसल्या.

"ढोलकीचं फार चाललंय," म्हणत पेटीची खुंटी बोटभर वर सरकली. ते बघून ढोलकीची सरकली. टाळांची काही न बोलताच वर गेली. "गाणं माझं आहे," असं म्हणून गळ्याची खुंटी थेट टोकाला पोचली. तेवढ्यात मिक्सरवरचा लाल दिवा लागला.

"हा माझ्यासाठी लागला," चौघीही म्हणाल्या.

"अहो, आवाज फाटतोय. खाली या," दिवा म्हणाला.

"याला आपलं चांगलं बघवत नाही," पेटीची खुंटी म्हणाली.

गाणी संपल्यावर ताईंनी टेप लावली. चारही पट्ट्यांवर नुसती खरखर होती.

"हे मी म्हटलं होय?" आत्याबाईंनी विचारलं आणि त्या एसटी गाठायला उठल्या.

खुंट्या वरमल्या. यापुढे दिवा लागला की खाली यायचं, असं त्यांनी एकमताने ठरवलं. आजही दिवा लागतो, आणि चौघीही टोकाला उभ्या राहून दुसरी कधी उतरते याची वाट बघतात.