धुळाप्पानं ब्लॅक टोणगा गोळा केला त्याची गोष्ट

मला ही गोष्ट लिहायची नव्हती. वाचनालयाची पोरं दारात येऊन बसली. म्हणाली, आजोबा, दिवाळी अंकात एक विनोदी पाहिजे. म्हटलं, मी चौथीत शाळा सोडली, मला काय विचारता? म्हणाली, तुम्ही बोलता तसंच लिहा. मी बोलतो तसं लिहिलं तर अंक जप्त होईल. पण पोरं उठेनात. त्यांच्यापुढं चहा ठेवून ठेवून बायको माझ्यावर डाफरायला लागली. म्हणून लिहितो. कुठं हसायचं ते मला विचारू नका.

मिरजेजवळ कळंबवाडी म्हणून गाव. त्या गावात धुळाप्पा नावाचा भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे वेडा नव्हे. वेड्याला सांगितलेलं कळत नाही. ह्याला सांगितलेलं कळायचं. तेवढंच कळायचं.

धुळाप्पा एलिशा आवळेच्या दुकानात झाडलोट करायचा. एलिशा रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचा. पण तरुणपणी हाच एलिशा गिटार वाजवायचा. मिशनच्या दवाखान्यातला एक गोरा डॉक्टर मायदेशी जाताना त्याला गिटार आणि तबकड्या देऊन गेला होता. त्या ऐकून एलिशानं तिघांचा बँड काढला. लग्नातला बँड नव्हे. ब्लूज आणि हार्ड रॉकचा. ब्लूज म्हणजे रडगाणं. अमेरिकेत कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या माणसांचं. हार्ड रॉक म्हणजे तेच रडगाणं, पण शेजाऱ्याशी भांडल्यासारखं.

बँडचं नाव ब्लॅक टोणगा. एलिशा गिटार वाजवायचा. भूपाल चौगुले गायचा आणि जाड तारांची गिटार छेडायचा. ड्रम वाजवायला एक हुशार, देखणा, तालाला पक्का माणूस होता. तो मी. दौलू.

आमचं गाणं असं होतं:

सकाळी उठलो, गोठा रिकामा,
बायको म्हणाली, तूच निकामा.

एवढंच. हेच पुन्हा पुन्हा. पण आवाज असा की कौलं हलायची. मुंबईला जाऊन आम्ही त्याची तबकडीही काढली. ऐकली मात्र कुणीच नाही. आणीबाणीचे दिवस. स्पीकर लावलेली गाडी गावात शिरली की बाप्ये उसात पळायचे. त्यांना वाटायचं कुटुंब नियोजनवाले आले. आम्ही म्हशींपुढं वाजवलं. शेवटी बँड मोडला. भूपाल फौजदार झाला, मी शेती धरली, एलिशानं दुकान टाकलं. पण एलिशाच्या मनातलं गेलं नाही. मरायच्या आत एकदा माणसांपुढं वाजवायचं, हेच तो धरून बसला होता.

आणि एक दिवस पुण्याहून रेवती टिळेकर नावाची बाई दुकानात आली. म्हणाली, "सत्तर ते ऐंशी ह्या दहा वर्षांत चांगले वाजवणारे पुष्कळ बँड होते आणि कुणाच्या ध्यानातच आले नाहीत. मी ते हुडकते. रविवारी मिरजेच्या नाट्यगृहात कार्यक्रम आहे. तुमची तबकडी असेल तर ऐकायला द्या. आणि मूळचे तिघं मंचावर उभे राहिलात तरच तुमचं नाव. नाहीतर दुसरा बँड तयार आहे."

एलिशा रडायचाच बाकी राहिला. पण शिडीवरून पडून त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. माणसं गोळा कोण करणार?

"मी हाय की मामा," धुळाप्पा म्हणाला.

सगळा घोटाळा इथं सुरू झाला.

जगात आमची एकच तबकडी उरली होती. ती भूपालच्या बहिणीकडं. ती तिच्या ताकाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवायची.

एलिशा म्हणाला, "धुळ्या, तबकडी घेऊन ये. जीव हाय तिच्यात माझा. तान्ह्या लेकरासारखी जपायची. कळलं?"

"कळलं मामा."

"काय कळलं?"

"तुमी सांगितलं ते."

एलिशानं इथं पुढं विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही.

धुळाप्पा गेला. मडक्यावर आपली टोपी ठेवली आणि तबकडी घेऊन घरी आला. आता तान्ह्या लेकराला काय करतात? त्यानं तबकडीला तेल चोळलं. पालथी टाकून पाठ रगडली. कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. शेगडीवर ओवा टाकून चांगली शेकली. धुरी दिली. काजळाची तीट लावली. मग दुपट्यात गुंडाळून, थोपटत थोपटत दुकानात आणली.

एलिशानं दुपटं सोडलं. तबकडीचा द्रोण झाला होता. त्यात आमटी वाढता आली असती.

"हळू बोला मामा," धुळाप्पा म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय."

एलिशानं कपाळ बडवून घेतलं. "अरं बैला! असल्या वस्तूला तेल न्हाई, पाणी न्हाई, शेक न्हाई! कापडात गुंडाळायची, खोक्यात कडबा घालून दाबून बसवायची, सुतळीनं आवळायची, वर 'नाजूक' लिहायचं आणि मगच हलवायची! कळलं?"

"कळलं मामा."

"आता तबकडी गेली ती गेली. जा, तेवढा दौल्याला घेऊन ये."

मी दुपारी जेवून अंगणात लिंबाखाली पडलो होतो. मला झोप लागली की लागली, त्याला माझा इलाज नाही. जाग आली तेव्हा मी गोधडीत गुंडाळलेला होतो. भोवती कडबा. खाली केळ्याचा क्रेट, पाय बाहेर. सगळीकडून सुतळी. तोंडातही कडबा. आणि क्रेट हातगाडीवर चढत होता.

बायको दारात आली. म्हणाली, "कुठं नेतोस रं ह्यांना?"

"एलिशामामाकडं. वाजवायला."

"ने. परत आणायची घाई करू नको."

मी असा गेलो दीड कोस. कपाळावर कोळशानं 'नाजूक' लिहिलेलं. वाटेत शाळा सुटली होती. पोरं वाचून दाखवत होती.

दुकानापुढं क्रेट उतरवला तर एलिशा एवढा हसला की प्लास्टरचा पाय घेऊन खुर्चीवरून घसरला. मग सुतळी कापत म्हणाला, "धुळ्या, अरं माणूस हाय त्यो! कुणाला आणायला गेलं की आधी नमस्कार घालायचा. पाय धुवायला पाणी द्यायचं. प्रवास कसा झाला इचारायचं. गरम चहा पाजायचा. मग मायेनं आणायचं. कळलं?"

"कळलं मामा."

"काय कळलं?"

"तुमी सांगितलं ते."

"जा मग. मंडपवाल्याकडनं डबा घेऊन ये."

डबा म्हणजे अँप्लिफायर. गिटारीचा आवाज मोठा करायचं खोकं, पुढं जाळी असलेलं. धुळाप्पा गेला. खोक्यापुढं वाकून नमस्कार घातला. खोक्याला चार पाय होते, ते घासून धुतले. प्रवास कसा झाला म्हणून विचारलं. खोकं बोललं नाही. दमलं असेल म्हणून धुळाप्पानं आलं घालून चहा करून आणला आणि जाळीतून पाजला.

मंडपवाला म्हणाला, "काय करतोस रं?"

"लाजतंय. पण पितंय."

खोकं पुसून, कुरवाळून त्यानं दुकानात आणलं. एलिशानं वायर जोडली. आत फुस्स झालं आणि आल्याचा धूर आला.

एलिशा बिचारा रात्रभर खोकं उघडून पंख्यापुढं वाळवत बसला. सकाळी त्याचे डोळे तांबडे झाले होते. म्हणाला, "धुळ्या, ह्याला चहा नसतो रं. असलं काही आणायला गेलं की आधी आवाज येतोय का बघायचा. न्हाई आला तर धरून गदागदा हलवायचं. तरी न्हाई आला तर वरनं दोन थपडा द्यायच्या. आवाज आला की उचलायचं. कळलं?"

रेडिओवाले असंच करतात. तुमच्या घरीही करतच असाल.

"कळलं मामा."

"मग जा, भूपालला घेऊन ये. आवाज त्योच हाय आपला."

आता भूपाल चौगुले म्हणजे निवृत्त फौजदार. मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. कार्यक्रमासाठी गळा जपायचा म्हणून त्यानं बोलणं बंद केलं होतं. गळ्याला मफलर गुंडाळून ओट्यावर बसला होता.

धुळाप्पा पुढं उभा राहिला. "आवाज येतोय का?"

भूपालनं मान हलवली. नाही.

धुळाप्पानं त्याचे खांदे धरून गदागदा हलवलं. भूपालचा चष्मा उडाला. आवाज आला नाही. मग धुळाप्पानं बाह्या सरसावल्या आणि फौजदाराच्या टकलावर दोन थपडा दिल्या.

तेव्हा जो आवाज आला तो ऐकून समोरच्या बोरीवरचे कावळे उठले.

"झालं चालू!" धुळाप्पा म्हणाला, आणि उचलायला वाकला.

भूपालनं काठी घेतली. पुढं धुळाप्पा, मागं फौजदार. ओढा ओलांडला, चिंचेची बाग ओलांडली. धुळाप्पा थेट दुकानात शिरला आणि एलिशाच्या खुर्चीमागं दडला. मागोमाग भूपाल आत आला.

"आणलं मामा," धुळाप्पा धापा टाकत म्हणाला. "स्वतःच चालत आलं."

बोलून बोलून फौजदाराचा गळा बसला, पण माणूस आला. तिघं एका ठिकाणी जमलो. भूपालला शांत करायला एलिशानं बरणीतले लाडू काढले. मग धुळाप्पाला म्हणाला, "हात जोडतो लेका. आता माझं काही ऐकू नकोस. रविवारी त्या पुण्याच्या बाई असतील. त्या सांगतील तेवढं ऐक. तेवढंच कर. कळलं?"

"कळलं मामा."

रविवार आला. नाट्यगृह गच्च भरलं. एलिशानं तालुक्यातल्या बायकांचे मिक्सर दुरुस्त केले होते, त्या सगळ्या नवऱ्यांना घेऊन आल्या होत्या. रेवतीबाई दाराशी उभी होती. तिच्या शेजारी धुळाप्पा, नवा सदरा घालून.

धुळाप्पानं विचारलं, "बाई, ही तीन म्हातारी माणसं. ह्यांच्यात असं काय हाय की तुमी पुण्यास्नं आला?"

बाई शिकलेली. शिकलेल्या माणसाला सरळ बोलता येत नाही. म्हणाली, "अहो, ह्यांना आजवर कुणीच ऐकलं नाही, हेच तर ह्यांचं मोल! एकदा सगळ्या जगानं ऐकलं की मग काय राहिलं? तुम्ही दाराशीच थांबा हं. नीट लक्ष ठेवा."

"कळलं बाई."

तिनंही पुढं विचारलं नाही. एलिशाला मंचावर चढवायला ती मागच्या बाजूनं आमच्याकडं आली.

इकडं धुळाप्पा आत जाऊन खुर्च्यांच्या मधोमध उभा राहिला. म्हणाला, "मंडळी, उठा. तुमी ऐकलं की ह्या म्हाताऱ्यांचं मोल जातंय. बाईंनीच सांगितलंय. एलिशामामावर माया असंल तर घरी जावा."

माया असणारे उठले. माया नसणारे तर आधीपासूनच उठायला बघत होते. समोर भज्यांची गाडी होती. नाट्यगृह मोकळं झालं. धुळाप्पानं बाहेर येऊन मोठ्या दाराला कडी घातली.

बाई मागच्या दारानं बाहेर पडली, ते आम्ही आतून लावून घेतलं. वळसा घालून ती पुढं आली, आपल्या खुर्चीवर बसायला. धुळाप्पानं हात आडवा केला. "तुमी तर मुळीच नको बाई."

आम्हाला ह्यातलं काही ठाऊक नाही. पडदा वर गेला. तोंडावर असले झगझगीत दिवे की पुढचं काही दिसेना. नुसता काळोख. एलिशा पुढं वाकून काळोखात बघत होता. म्हणाला, "दौल्या, भरलंय रं. किती गप बसल्यात बघ."

आणि आम्ही वाजवलं. काय सांगू. भूपालचा बसलेला गळा रडगाण्याला असा लागला की माझ्याच अंगावर काटा आला. गोठा रिकामा म्हणाला तर खरोखर म्हैस गेल्यासारखं वाटलं. एलिशा प्लास्टरचा पाय खुर्चीवर टाकून डोळे मिटून गिटार वाजवत होता. वाजवताना तरुणपणीचा एलिशा दिसत होता.

गाणं संपलं. टाळी नाही.

"ऐकतायत," एलिशा कुजबुजला. "मिरजेची माणसं. शास्त्रीय ऐकणारी. उगं टाळ्या न्हाईत वाजवत."

आम्ही तेच गाणं पुन्हा घेतलं, जोरात. तेवढ्यात काळोखातून धाड, धाड, धाड आवाज यायला लागला.

"ठेका धरला!" एलिशा ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी त्या ठेक्याला ड्रम मिळवला. थोडा वेडावाकडा होता, पण जीव तोडून होता. ती बाई बाहेरून दार बडवत होती.

शेवटची थाप मारली. सभागृहातले दिवे लागले. समोर नुसत्या खुर्च्या. एकीवर कुणाचा तरी रुमाल राहिला होता.

भूपाल माझ्याकडं वळला. म्हणाला, "दौल्या, तुझ्या बडवण्यानं पळाली माणसं. तवा बी तुझ्यामुळंच पळत हुती. म्हणून बँड मोडला."

एलिशा मान खाली घालून गिटारीची तार चाचपत बसला.

तेवढ्यात कडी निघाली. दारातून धुळाप्पा धावत आला. मागं बाई, केस सुटलेले, हात लाल झालेले. धुळाप्पाचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

"मामा!" तो म्हणाला. "जमलं मामा! एका बी माणसानं ऐकलं न्हाई! मी सुदिक कानांत बोटं घालून हुबा हुतो!"

धुळाप्पानं पुढं सगळं कळल्यावर एलिशाचे पाय धरले. बाईनं आम्हा तिघांचे धरले. माझी माफी मात्र एकानं अजून मागितलेली नाही. त्याचं नाव भूपाल चौगुले.