सात पानांची फांदी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एका आईची झोप उडाली होती. कारण सांगितलं तर हसाल. कारण होतं गुलाबाचं एक रोप.

त्या गावाची एक रीत होती. मूल पाच वर्षांचं झालं की दाराशी गुलाब लावायचा. पुढच्या वसंत पंचमीला त्या झाडाचं पहिलं फूल मुलानं आपल्या हातानं गुरुजींकडे न्यायचं. त्या दिवसापासून मूल शाळेचं. रीत गोड होती, पण गावात एक म्हणही होती: 'दाराशी जसं फूल, तसं घरातलं मूल.' पंचमीला शाळेच्या ओट्यावर आयाबाया जमायच्या त्या फुलं बघायला नव्हे, म्हण पडताळून बघायला.

या आईची मुलगी श्रावणात पाच वर्षांची झाली. मुलगी मुकी नव्हती, पण एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्च करायची नाही. आईला त्याचीच धास्ती. तशी तिला सगळ्याचीच धास्ती होती. मुलीला ताप नसला तरी ती कपाळाला हात लावून बघायची, आणि मग आपला हातच गार नाही ना, म्हणून दुसरा हात लावून बघायची.

"गेल्या साली आमच्या नातवाचं फूल पाहिलंस ना?" शेजारच्या मावशी कुंपणावरून म्हणायच्या. "वाटीएवढं! तुझी पोर बोलत नाही, निदान तिचं फूल तरी बोलू दे गं बाई."

म्हणून आई मुलीला घेऊन नदीकाठच्या म्हाताऱ्या माळ्याकडे गेली. तिथं लाल, पांढरे, पिवळे, दुरंगी असे गुलाब ओळीनं उभे होते. आई प्रत्येकापाशी थांबली, प्रत्येकाची माती चिमटीत घेऊन पाहिली.

"माळीबाबा, याला कीड लागते का? आणि याला ऊन किती? आणि हा लाल पंचमीपर्यंत फिका तर पडणार नाही?"

"ताई, गुलाब न्यायचाय की जावई शोधायचाय?" माळी म्हणाला.

मुलगी मात्र कोपऱ्यातल्या एका रोपापाशी बसली होती. वीतभर उंची, फूल नाही, बुंध्याला चिंधी बांधलेली.

"हे," ती म्हणाली.

"अगं, हे काय! याला तर पट्टी बांधलीय."

"म्हणून."

माळी हसला. मुलीजवळ उकिडवा बसून म्हणाला, "लागलेलं नाही हो त्याला. खालचा खुंट रानगुलाबाचा आहे, भारी चिवट. त्यावर मी चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे इवला कोंब, बांधलाय. केशरी फूल, काठाला गुलाबी, आणि एक दुसऱ्यासारखं नसतं. आता ऐक. चिंधीच्या वर फुटेल ते आपलं. चिंधीच्या खाली फुटेल ते रानाचं, ते लगेच काढायचं. ओळखायचं कसं? एका देठावरची पानं मोजायची. पाच असली तर आपली, सात असली तर रानाची."

हे आईनंही ऐकलं असतं. पण नेमकी तेव्हाच ती मनात मावशींना उत्तर देत होती, चिंधीवालं रोप का आणलं म्हणून.

रोप दाराशी लागलं. आईनं त्याला शेणखत घातलं, दुपारी सावली धरली, रोज दोनदा न्याहाळलं. आणि काय सांगावं, दसऱ्यापर्यंत बुंध्यातून तीन लांबसडक फांद्या सरसर वर आल्या! हिरव्यागार, तुकतुकीत, आईच्या खांद्याला लागणाऱ्या. मावशींनाही म्हणावं लागलं, "गुण आहे हो तुझ्या हाताला!" त्या रात्री आईला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मुलगी झाडापाशी बसून असायची. एकदा तिनं आईचा पदर ओढला.

"आई, सात."

"शाबास! आणि सातच्या पुढे?"

मुलगी आईकडे बघत राहिली. "सात आहेत."

"हो गं, पण पुढे काय? आठ म्हण. आठ."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आईनं मावशींना हाक मारून सांगितलं, "बघा हो, सातपर्यंत आकडे येतात आता!" चौथ्या दिवसापासून मुलीनं सांगणं सोडून दिलं.

दिवाळीच्या तोंडावर माळी झेंडूची पाटी घेऊन गल्लीत आला. आईनं कौतुकानं त्याला झाड दाखवलं. माळ्यानं पाटी खाली ठेवली, फांद्या बाजूला सारल्या, आणि आत बघून तो चुकचुकला.

"ताई, हे सगळं रान वाढवलंत तुम्ही. तुमचा गुलाब हा."

आत चिंधीच्या वर बोटभर काडी होती. तिच्यावर पानांचे दोन देठ, तेही पिवळट.

आई काडीशी वाकली. "आता?"

"या तिन्ही मुळापासून काढा, तर ही काडी जगेल. पंचमीला फूल येईल का, ते मात्र मी सांगू शकत नाही. काढायच्या नसतील तर राहू द्या. रानगुलाबाला तोवर पांढरे झुबके येतील. लोकांना काही कळायचं नाही. फक्त हा तेवढा मरेल."

आईनं झाडाकडे पाहिलं. सगळी गल्ली ज्याचं नाव काढत होती ते झाड. पंचमीचा ओटा तिच्या डोळ्यांपुढे आला, त्यावर पांढऱ्या झुबक्याचा ढीग, आणि मावशींचा चेहरा. मग तिला दुसरंच काहीतरी आठवलं.

"माळीबाबा, ओळखायचं कसं म्हणालात?"

"पानांवरून. पोरीला सांगितलं होतं की मी."

आई वळली. "तुला माहीत होतं?"

"मी सांगत होते ना," मुलगी म्हणाली. "सात."

एवढी काळजी, एवढा पहारा, आणि जे ऐकायचं होतं त्याला आई 'पुढचं म्हण' म्हणत राहिली. ती घरातून विळा घेऊन आली. माळ्यानं माती उकरून दिली. एक, दोन, तीन फांद्या पडल्या. तिसरीला तिचा हात थांबला होता, पण थोडाच.

"अगं, वेड लागलं का तुला?" मावशी कुंपणाशी धावल्या. "भरलं झाड बोडकं केलंस!"

आई मुलीशेजारी मातीत बसली आणि काडीवरच्या एका देठाची पानं दोघींनी मिळून मोजली.

"पाच," मुलगी म्हणाली.

"आणि पुढे?" आईच्या तोंडून सवयीनं गेलंच.

"पुढे काही नाही. पाचच आहेत."

पंचमी आली तेव्हा झाडावर एक कळी होती, मिटलेली, पाठीवर केशरी रेघ तेवढी दिसणारी. मावशींनी कुंपणावरून आपल्या दारचं लालभडक फूल पुढं केलं. "ने हेच. कोण विचारतंय?" खोटं कशाला बोलायचं, आईचा हात पुढं गेला होता. पण या वेळी तिनं आधी मुलीला विचारलं.

"नको," मुलगी म्हणाली. "आपलं येतंय."

ओट्यावर गुरुजींनी विचारलं, "फूल कुठाय, बाळ?"

"येतंय," असं म्हणून मुलीनं कोरी पाटी पुढं धरली. आयाबायांत कुजबुज झाली. आईचे कान तापले. गुरुजींनी मात्र पाटीवर 'श्री' काढून दिला.

आठ दिवसांनी फूल उमललं. केशरी, काठाला गुलाबी. त्यामागून दुसरं आलं ते जवळजवळ पिवळंच, आणि तिसऱ्याच्या काठावर गुलाबी छटा अशी पसरली की मावशी दोनदा बघून गेल्या. पहिलं फूल मुलीनं शाळेत नेलं. तेव्हा ओट्यावर गुरुजींशिवाय कुणीच नव्हतं.

त्या संध्याकाळी आईनं या सगळ्याचं तात्पर्य काढलं, आणि तात्पर्य काढल्यावर ते मुलांना सांगावं लागतं, म्हणून मुलीला समोर बसवून सांगितलं:

तात्पर्य: मूल काही सांगत असेल तर आधी ते ऐकावं, पुढचं शिकवणं मागाहून. नाहीतर आपण रान वाढवतो आणि त्यालाच फूल समजतो.

मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मग चल ना आई. खाली अजून एक फुटलंय. सात."