झऱ्याने घातलेली बंदी

त्या पठारावर कुणी मरत नसे. झुंजीत जो पडे, तो पठाराच्या मधोमध वाहणाऱ्या झऱ्यातून पुन्हा धडधाकट उठे. फक्त त्याच्या पाठीवरचं गाठोडं जिंकणाऱ्याकडे राही. एवढ्या एका गोष्टीसाठी दूरदूरचे प्राणी तिथे राहायला येत, आणि पठार कायम गजबजलेलं असे.

झऱ्याला मात्र आपल्या कामाची लाज वाटू लागली होती. पडलेल्याला उभं करायचं आणि पुन्हा मार खायला पाठवायचं, यात कसला आला परोपकार? त्यातून तो ससा. बनातल्या चारोळ्या गाठोड्यात बांधून तो खिंडीपलीकडच्या आपल्या बिळाकडे निघे आणि खिंडीत बसलेलं मुंगूस त्याला आडवं करी. मुंगसाला चारोळ्या आवडतही नसत; त्याला आडवं करण्यातच मौज वाटे. एकोणीस वेळा ससा झऱ्यातून उठला आणि एकोणीस वेळा काठावर बसून रडला.

शेवटच्या वेळी तो म्हणाला, "तू मला उठवतोस, म्हणून तर ते मला पाडतं."

हे झऱ्याच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर आठ दिवस ससा फिरकलाच नाही. बिचारा भिऊन बिळात बसला असणार, आणि त्या भीतीत आपलाही हात आहे, असं झऱ्याच्या मनाने घेतलं. नवव्या दिवशी त्याने जाहीर केलं, "यापुढे जो दुसऱ्याला पाडील, त्याला मी पुन्हा उठवणार नाही."

पठारावर आनंदीआनंद झाला. ज्यांनी कधी खिंड पाहिली नव्हती, तेही गाठोडी घेऊन रमतगमत पलीकडे जाऊन आले. झऱ्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. मुंगूस आणि त्याच्या जातीचे चार दांडगट कुरकुरत समोरच्या पठारावर निघून गेले, तेव्हा तर ब्याद टळली म्हणून तो खळखळून हसला.

मग साळिंदर गेलं. ते वाटसरूंच्या पुढे काटे फुलवून चाले. आता त्याला कुणी बोलावेना. धोका दिसला की वरून ओरडणारी टिटवी दोन आठवडे उगाच घिरट्या घालत राहिली आणि तीही गेली. पूर्वी सकाळी खिंडीच्या तोंडाशी सगळे एकमेकांची वाट पाहत थांबत, दहाजण जमले की निघत. आता ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो एकटाच जाई. झुंजी पाहायला खडकांवर बसणारी मंडळी तर कधीच पांगली होती. नवे येत, सगळीकडे फिरून येत, आणि संध्याकाळच्या आत परतीला लागत.

झऱ्याला हे उशिरा कळलं. पडतच कुणी नव्हतं, म्हणून त्याच्याकडे येतही कुणी नव्हतं. शांतता आहे म्हणजे सगळे सुखात आहेत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

एके दुपारी ससा आला. तो कोरडा होता. झऱ्याने त्याला कोरडा असा कधी पाहिलाच नव्हता.

"निरोप घ्यायला आलोय," ससा म्हणाला.

"का रे? आता तर तुला कुणी हात लावत नाही."

"नाही ना. बीळ चारोळ्यांनी भरलंय. खाववत नाहीत." मग तो म्हणाला, "विसाव्या खेपेला मी पोचलो होतो, माहीत आहे?"

"कुठे?"

"पलीकडे! साळिंदर पुढे, टिटवी वर. मुंगूस उजवीकडून आलं आणि मी डावीकडच्या कपारीतून सटकलो. काय नाचलो आम्ही! मुंगूससुद्धा हसत होतं. उद्या बघतो तुला, म्हणालं."

"मला सांगायचंस तरी," झरा कसाबसा म्हणाला.

"कसं सांगणार? तुझ्याकडे हरलेलेच येतात. पुढचा आठवडाभर मी रोज पोचत होतो, आणि मग तू बंदी घातलीस."

झऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी एवढं केलं, त्याच्याच हातून आपण त्याची सगळ्यात मोठी गोष्ट काढून घेतली होती, आणि वर स्वतःला दयाळू समजत होतो.

"उठवली बंदी," तो घाईघाईने म्हणाला. "आत्ता, या क्षणी उठवली. तू थांब."

"कुणाला सांगशील?" सशाने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच झऱ्याला सोसवेना. ससा पाण्यावर एकदा वाकला, पोटभर प्यायला आणि समोरच्या पठाराच्या वाटेला लागला.

झरा बंदी उठल्याचं ओरडून सांगत राहिला. खडकांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यात डुबुक असा आवाज झाला. झऱ्याचं सगळं पाणी तिकडे धावलं. काठच्या झाडाचं एक पिकलं उंबर गळून पडलं होतं. झऱ्याने ते अलगद उचललं, काठावर नीट उभं केलं. ते घरंगळून परत पाण्यात आलं. त्याने पुन्हा उचललं, पुन्हा उभं केलं, आणि मोठ्या आशेने विचारलं, "कुणी पाडलं रे तुला?"