कुंडीतला बोळा

एका डोंगरमाथ्यावरच्या गावात यमुनाक्का नावाची एक म्हातारी राहत असे. तिच्या अंगणात मोगऱ्याची एक कुंडी होती. नवऱ्याने शेवटच्या आजारात, उठवत नसतानाही, स्वतःच्या हाताने तो मोगरा लावला होता. नवरा गेला, मोगरा राहिला. म्हातारीचा सगळा जीव त्या कुंडीत आहे असं गाव म्हणायचं. गावाचं सगळंच खरं नसतं, पण हे खरं होतं.

थंडी पडली आणि यमुनाक्काला लेकीच्या बाळंतपणाला जावं लागलं. निघताना तिने नव्या सुनेला, सगुणेला, बजावलं, "रात्री कुंडी घरात घे, सकाळी उन्हात ठेव. थंडीत झाड निजतं. माती सुकली तरच ओंजळभर पाणी घाल. माझं एवढं एकच जप."

सगुणा कामाला चोख. तिने सारवलेल्या जमिनीवर भात वाढून खावा, असं शेजारच्या चंद्राकाकू म्हणत. पण कुंडीच्या बुडाच्या भोकातून पाणी झिरपे आणि त्याच जमिनीवर चिखलाचा डाग पडे. एके दिवशी सगुणेने चिंधीचा बोळा केला आणि भोकात गच्च कोंबला. डाग बंद झाले. स्वतःच्या अकलेवर ती फार खूश झाली.

पुढे मोगऱ्याची पानं पिवळी पडली. थंडी वाढल्यावर कुंडी दिवसाही चुलीपाशीच राही, आणि धगीने वरची माती कोरडीच दिसे. "तहानलाय बिचारा," म्हणत तिने पाणी घातलं. पानं गळू लागली. तिने आणखी पाणी घातलं. नुसत्या काड्या उरल्या, तेव्हा मात्र तिला सासूची धास्ती वाटू लागली. कुंडी उन्हात न्यावी म्हणून तिने हात घातला, तर ती जड झालेली, जागची हलेना. मातीला कुबट वास येत होता. तेव्हा कुठे तिला बोळा आठवला. तो काढायला ती वाकणार, तोच दारात बैलगाडी थांबली.

यमुनाक्का आत आली. कुंडी पाहून मटकन खाली बसली.

पाठोपाठ आलेल्या चंद्राकाकू म्हणाल्या, "थंडीच तशी पडली हो, यमुनाक्का. पोरीनं जिवापाड जपला."

सगुणेला आयती सबब मिळाली. ती गप्प राहिली.

यमुनाक्काने डोळे पुसले. "थंडीनं गारठलाय होय? मग ऊब द्यायला हवी. सगुणा, तांब्याभर कोमट पाणी आण."

सगुणेने पाणी आणलं. आणखी एक तांब्या, की मोगरा संपला. आणि दोष थंडीचा. कुणाला कधी कळणारही नव्हतं. यमुनाक्काने तांब्या कलता केला.

सगुणेने तिचं मनगट धरलं.

"पाणी नको, आत्याबाई! थंडीनं नाही, माझ्यामुळं मरतोय तो. जमीन खराब होऊ नये म्हणून मी भोक बुजवलंय."

चंद्राकाकूंचा आ वासलेला तसाच राहिला. सगुणेने कुंडी आडवी केली आणि बोळा ओढून काढला. काळं, घाण पाणी तिच्या त्या सुंदर सारवणावर पसरलं. तिने ते पुसलंही नाही.

यमुनाक्काने नखाने खोड खरवडलं. वर सगळं वाळलेलं होतं, पण बुंध्याशी सालीखाली हिरवं दिसलं. दोघींनी कुजलेली मुळं कापली, कोरडी माती भरली.

"आता काय करायचं?" सगुणेने विचारलं.

"आता काही करायचं नाही. तेच अवघड असतं."

चैत्रात बुंध्यातून एक फांदी फुटली आणि तिला फूल आलं. दरवर्षी पहिलं फूल यमुनाक्का नवऱ्याच्या नावाने देवापुढे ठेवत असे. त्या वर्षी तिने ते सुनेच्या केसांत माळलं. म्हणाली, "तू माझा हात धरलास, म्हणून हे उमललं."

तात्पर्य: चूक झाकून ठेवली की तिच्यावरचा उपायही चुकतो; ती वेळीच कबूल केली, तर निदान मुळं वाचतात.