ओच्यातला चिखल

त्रैलोक्यात असे एकही ठिकाण उरले नव्हते, जिथे मोखेन महाराजांची कीर्ती पोहोचली नव्हती. शेजारच्या गावात मात्र लोक त्यांना मेंढपाळ समजत. अशा या महाराजांचा मुक्काम आयर्लंड देशी, किलबरा नावाच्या बारा उंबऱ्यांच्या गावी, दलदलीकाठच्या दगडी खोपटात होता.

गावाची रीत जुनी. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी घरोघरची चूल विझवायची आणि सरदार टेकडीवर जो जाळ पेटवील, त्यातून नवा विस्तव घरी न्यायचा. महाराजांना मानणाऱ्या विधवा ब्रोनाची लेक बाळंतीण होती. नात दोन दिवसांची. ब्रोनाने सरदार कथालला विनवले, "यंदा माझी चूल राहू द्या, सरदार. पोर गारठेल."

"तुझे महाराज फुंकर घालतील की," कथाल म्हणाला. माणसे हसली. ब्रोनाने चुलीत घागर उपडी केली.

नेमकी भुरभुर लागली. दुपार कलली तरी टेकडीवरची लाकडे पेट घेईनात, आणि गावात ठिणगी म्हणून शिल्लक नाही. नातीचे ओठ निळे पडू लागले. ब्रोना धावत महाराजांकडे गेली.

महाराज म्हणाले, "चुलीत असेल ते ओच्यात घ्या आणि टेकडीवर चला."

"महाराज, तिथं नुसता चिखल आहे."

"मग चिखल घ्या."

ब्रोनाला काही उमजेना. तरी ती राखेचा काळा लगदा ओच्यात भरून महाराजांमागे चढू लागली.

"बाई आता टेकडी सारवणार वाटतं," वरून कथाल म्हणाला.

अर्ध्या वाटेवर पोटाशी ऊब जाणवली. भिजून ताप आला असेल, असे तिला वाटले. मग ओच्यातून धूर निघू लागला. आपण घागर अर्धीच ओतली की काय, या शंकेने ती ओशाळली.

"सरदार, देवाशपथ विझवली होती हो," असे पुटपुटत तिने माथ्यावर लाकडांपाशी ओचा सोडला. आत लालबुंद निखारे! कापड करपलेसुद्धा नव्हते. ओली लाकडे तडतडून पेटली.

पहिला निखारा कथालने स्वतः मडक्यात घालून ब्रोनाच्या घरी पोहोचवला; मागोमाग महाराजही आले. ऊब लागताच नात टाहो फोडून रडली, आणि कथालने तिथेच महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले.

"मी आंधळा होतो, महाराज. गुरं मागा, जमीन मागा, काय वाटेल ते मागा."

महाराज बराच वेळ विचारात पडले. दाराशी अवघा गाव श्वास रोखून उभा होता.

मग ते म्हणाले, "कोरडे मोजे असतील का, एक जोड?"